परभणीत एमएसचे रुग्ण किती? आधी एवढंच शोधू

देवगाव फाट्यावरच्या एखाद्या बाईला एका डोळ्याने अचानक धूसर दिसायला लागलं, तर ती आधी चष्म्याचं दुकान गाठते. काही आठवड्यांत नजर बरीचशी परत येते आणि विषय तिथेच संपतो. पुढे कधीतरी पायाला मुंग्या येतात, चालताना तोल जातो. मग बी-12ची इंजेक्शनं होतात. कुणी मणक्याचा दोष काढतं, कुणी बाहेरचं काही सांगतं. सेलू झालं, परभणी झालं, अखेर छत्रपती संभाजीनगरला एमआरआय होतो आणि कागदावर मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस, हे नाव उमटतं. डोळ्याचा तो पहिला झटका याच आजाराचा होता, हे घरच्यांना तेव्हा कळतं. मधली वर्षं उपचाराविना गेलेली असतात.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिन नावाचं आवरण कुरतडते. झटका येतो, ओसरतो, पुन्हा येतो. रुग्णांत बायकांचं प्रमाण जास्त, आणि सुरुवात बहुधा विशी ते चाळिशीत, म्हणजे संसार आणि शेत दोन्ही अंगावर असताना. 2020च्या जागतिक मोजणीत 28 लाख रुग्ण धरले गेले. परभणी जिल्ह्यात किती?

कागदावर हिशेब मांडून पाहू. 2011च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 18,36,086 होती. भारतात हा आजार लाखात एखाद्यालाच होतो, असं पूर्वी सांगत. त्या हिशेबाने जिल्ह्यात अठरा-एकोणीस माणसं भरतात. 2014 साली मंगळुरूचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात प्रमाण लाखाला 8.35 निघालं. ते इथे लावलं तर आकडा दीडशेच्या पुढे जातो. अठरा आणि दीडशे यांत फार मोठं अंतर आहे. जिल्हा रुग्णालयात औषध किती ठेवायचं, न्यूरॉलॉजिस्टची ओपीडी महिन्यातून किती वेळा लावायची, हे सगळं त्यावर ठरतं. म्हणूनच इथला पहिला संशोधन प्रकल्प साध्या मोजणीचा असावा, असं मला ठामपणे वाटतं. त्याला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. छोटं अनुदान पुरतं.

असं काम महाराष्ट्रात झालेलं आहे. मुंबईच्या पारशी कॉलन्यांमध्ये 1980च्या दशकात डॉ. भरुचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन 14,010 लोकांची मेंदू आणि नसांच्या आजारांसाठी पाहणी केली. पार्किन्सन्सच्या जगभरच्या अभ्यासांत तिचा दाखला आजही दिला जातो. याच गटाने पारशी समाजातलं एमएसचं प्रमाण 1988 साली मांडलं, ते लाखाला 21 होतं. दोन वर्षांनी डॉ. नोशीर वाडिया यांच्या अभ्यासात मुंबई-पुण्यातल्या पारशांसाठी 26 हा आकडा आला. भारतात हा आजार जवळजवळ नाहीच, ही समजूत या पाहण्यांनी हलवली. त्यांची खरी ताकद होती नेमकी वस्ती, नेमका प्रश्न आणि दार वाजवण्याची चिकाटी.

परभणीत 18 लाख लोकांची दारं वाजवणं शक्य नाही, आणि तशी गरजही नाही. दोन याद्यांची एक जुनी रीत आहे. समजा, न्यूरॉलॉजिस्टांकडच्या यादीत जिल्ह्यातले 40 रुग्ण आहेत, एमआरआय केंद्रांच्या यादीत 30, आणि दोन्हींत सामाईक नावं 20. एमआरआयच्या यादीतल्या 30 पैकी 20 म्हणजे दोन तृतीयांश नावं न्यूरॉलॉजिस्टांकडे सापडली. तर मग त्यांच्याकडचे 40 हेही एकूण रुग्णांच्या दोन तृतीयांश धरायचे. एकूण अंदाज येतो 60. कोणत्याच यादीत न आलेली माणसंही अशी हिशेबात धरता येतात. नेत्रतज्ज्ञ आणि अपंगत्व प्रमाणपत्र देणारं मंडळ यांच्या याद्या जोडल्या की अंदाज आणखी पक्का होतो.

आता पैशांचं. वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी आयसीएमआरची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप 1979पासून आहे. मार्गदर्शक प्राध्यापकाच्या हाताखाली दोन महिन्यांचं काम करायचं, अहवाल मंजूर झाला की विद्यावेतन मिळतं. परभणीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2023 साली सुरू झालं, जालना आणि हिंगोलीची 2024 साली. म्हणजे देवगाव फाट्याच्या आसपास आता वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या तुकड्या आहेत. प्राध्यापकांसाठी आयसीएमआरची स्मॉल ग्रँट आहे, तिची मर्यादा 2 कोटींपर्यंत गेली आहे. तिथे स्पर्धा मात्र मोठ्या संस्थांशी. परदेशात एमएस इंटरनॅशनल फेडरेशन आपल्यासारख्या देशांतल्या संशोधकांना दुसऱ्या देशातल्या केंद्रात थोडे दिवस शिकायला जाण्यासाठी द्यू प्रे अनुदान देते. चेलोवादक जॅकलिन द्यू प्रे हिच्या नावाचं हे अनुदान आहे. ती याच आजाराने 1987 साली गेली. प्रकल्पच परदेशी पैशांवर किंवा परदेशी भागीदारीत चालवायचा असेल, तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. हे आधी ठाऊक नसलं तर मंजूर झालेले पैसेही अडकून राहतात.

प्रस्ताव लिहिताना माणसं सर्वाधिक चुकतात ती प्रश्न फुगवण्यात. "एमएसचं कारण शोधणे" असं लिहिलं की परीक्षक पुढचं पान उलटत नाही. "परभणी जिल्ह्यात पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत किती महिने जातात" असं लिहिलं की तो थांबतो, कारण याचं उत्तर वर्षभरात मिळू शकतं. मग येते रुग्णसंख्या. ती किती आणि का, हे संख्याशास्त्राच्या माणसाला विचारून आधीच ठरवावं. एथिक्स कमिटीचा अर्ज प्रस्तावाबरोबरच तयार करावा. संमतीपत्र मराठीत हवं, आणि तेही शेतमजूर बाईला वाचून दाखवलं तर समजेल असं. अंदाजपत्रकात क्षेत्र कार्यकर्त्याचं मानधन, एसटीचा प्रवास, छपाई आणि गरीब रुग्णांच्या एमआरआयचा खर्च असावा. लॅपटॉप आणि परिषदांच्या वाऱ्या यांनी अर्धं अंदाजपत्रक भरलं की हेतूबद्दल शंका येते. शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र वेळेवर द्यायचं. ते रखडलं की पुढचा हप्ताही रखडतो.

छोट्या रकमांना कमी लेखू नये. न्यूयॉर्कच्या सिल्व्हिया लॉरी यांच्या भावाला एमएस होता. यातून बरं झालेलं कुणी आहे का, असं विचारणारी जाहिरात त्यांनी 1945 साली वर्तमानपत्रात दिली. उत्तरं आली ती बहुतेक तोच प्रश्न घेऊन बसलेल्या घरांतून. त्यातून 1946 साली अमेरिकेतली राष्ट्रीय एमएस संस्था उभी राहिली. तिने पुढच्याच वर्षी दिलेल्या पहिल्या अनुदानांपैकी एक एल्विन काबात यांना मिळालं. ते मणक्यातल्या पाण्यातल्या गॅमा ग्लोब्युलिनवर काम करत होते. निदानासाठी ते पाणी आजही तपासलं जातं. आपल्याकडे 1985 साली मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली, तीही रुग्ण आणि कुटुंबीयांच्या बळावर वाढली.

मोजणीनंतरचा दुसरा प्रश्न तर परभणीनेच विचारायला हवा, तो उन्हाचा. आवरण झिजलेल्या तंतूतून संदेश आधीच अडखळत जातो. शरीराचं तापमान जरा वाढलं की तो आणखी अडतो. विल्हेल्म उटहॉफ यांनी 1890 सालीच नोंदवलं होतं, की श्रमानंतर अशा रुग्णांची नजर मंदावते. एमआरआय नव्हता तेव्हा रुग्णाला गरम पाण्यात बसवून निदान करत. पण या आजाराचं बहुतेक संशोधन थंड देशांत झालं आहे. मे महिन्यात पारा 43-44 अंशांवर असताना पत्र्याच्या घरात राहणाऱ्या, कापसाच्या रानात राबणाऱ्या बाईचं काय होतं, हे तिथे कोण विचारणार? तीस-चाळीस रुग्ण, थकव्याची मराठी प्रश्नावली, डिसेंबरात आणि मेमध्ये नोंदी. रोजचं तापमान वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत नोंदलेलंच असतं. ओल्या पंचाने किती आराम पडतो, हेही त्यातच तपासता येईल. इतक्या थोड्या खर्चात जगाला नवं काही सांगणारा प्रकल्प दुसरीकडे क्वचितच सापडेल.

औषधांच्या बाबतीतही मोजणीला अर्थ आहे. जुलै 2023मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एमएससाठी क्लॅड्रिबिन, ग्लॅटिरामर आणि रिटुक्सिमॅब ही औषधं आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. रिटुक्सिमॅब भारतात 2007पासून बनतं. पण कोणत्या जिल्ह्याला ते किती लागेल, हे सांगायला आकडा हवा.

परभणी, जालना आणि हिंगोलीच्या प्राध्यापकांनी पुढच्या शॉर्ट टर्म स्टुडंटशिपसाठी निदान एकेका विद्यार्थ्याला हा विषय द्यावा. ज्यांच्या घरी एमएसचा रुग्ण आहे, त्यांनी अपंगत्व प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. आणि उद्या एखादा विद्यार्थी वही घेऊन दारात आला, तर त्याला पहिल्या लक्षणापासूनची सगळी हकीकत तारखांसह सांगा. जुने कागद, डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठीसुद्धा, जपून ठेवा.