बॅगेतील पदार्थ ओळखणारे यंत्र



आपल्यापैकी पुष्कळांनी गुडघ्यासाठी किंवा कमरेसाठी एमआरआय करून घेतला असेल. त्याच्याशी नाते असलेले शास्त्र वापरून प्रवाशांच्या बॅगेतील स्फोटके शोधणारी यंत्रेही बनवली गेली आहेत. ती कशी चालतात ते आज पाहू.

साध्या एक्स-रेमध्ये वस्तूचा आकार आणि घनता दिसते. पिस्तूल किंवा सुरी लगेच ओळखू येते. पण प्लॅस्टिक स्फोटक मळलेल्या कणकेसारखे असते, त्याला ठरावीक आकार नसतो. १७ एप्रिल १९८६ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर तेल अवीवला निघालेल्या एका तरुणीची बॅग एक्स-रेमधून पुढे सुटली होती. एल अलच्या रक्षकांनी तिला प्रश्न विचारले आणि बॅग रिकामी केली. तरीही ती जड लागली! दुहेरी तळाखाली सुमारे दीड किलो सेमटेक्स निघाले आणि तीनशेहून अधिक जीव वाचले. २१ डिसेंबर १९८८ रोजी मात्र स्कॉटलंडमधील लॉकरबी येथे बॅगेतल्या अशाच स्फोटकाने २७० बळी घेतले.

तेव्हा वस्तू कशी दिसते यापेक्षा ती कोणत्या पदार्थाची आहे, हे यंत्राला कळायला हवे.

सतारीची मुख्य तार छेडली की त्याच सुराला लावलेली खालची तरफ न छेडताही झंकारते. यालाच अनुस्पंदन म्हणतात. बहुतेक स्फोटकांत नायट्रोजन असतो. शाळेत आपण त्याला नत्रवायू म्हणत होतो. त्याच्या अणूचे केंद्रक पूर्ण गोल नसते, त्यामुळे आजूबाजूच्या विद्युतभारांचा त्याच्यावर परिणाम होतो आणि प्रत्येक घन पदार्थात त्याचा सूर वेगळा लागतो. यंत्र बॅगेवर ठरावीक सुराच्या रेडिओलहरी सोडते आणि लगेच कान देते. तो पदार्थ आत असेल तर अगदी क्षीण उत्तर येते. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांपासून आपल्या परिचयाचे झालेले आरडीएक्स सेमटेक्समध्येही असते. त्याचा एक सूर सुमारे ३.४ मेगाहर्ट्‌झवर लागतो. या पद्धतीत एमआरआयसारखे मोठे चुंबकही लागत नाही.

मग ही यंत्रे सगळीकडे का नाहीत? एक तर उत्तर फार क्षीण असते. टीएनटीचे सूर तर रेडिओच्या मध्यम लहरींच्या पट्ट्यातच येतात, त्या गोंगाटात ते ऐकणे कठीण. दुसरे, पदार्थ धातूच्या डब्यात असेल तर लहरी आत पोचत नाहीत. तिसरे, द्रवातले रेणू सारखे गिरक्या घेत असतात, त्यामुळे हा सूर तेथे लागतच नाही.

द्रव स्फोटकांनी विमाने पाडण्याचा कट ऑगस्ट २००६ मध्ये लंडनला उघडकीस आला. हातातल्या सामानात १०० मिलिलिटरहून मोठी बाटली नको, हा नियम त्यातूनच आला. बाटलीत पाणी आहे की घातक द्रव, हे ओळखण्यासाठी अमेरिकेतील लॉस अलामोस प्रयोगशाळेने ‘मॅगव्हिझ’ नावाचे यंत्र बनवले. ते एमआरआयच्याच तत्त्वावर, पण अतिशय दुर्बल चुंबकक्षेत्रात चालते. डिसेंबर २००८ मध्ये अल्बुकर्क विमानतळावर त्याचे प्रात्यक्षिक झाले.

तरीही मोठ्या बॅगांसाठी आज मुख्यतः सीटी स्कॅनच वापरतात. ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी अनुस्पंदन यंत्रांची धास्ती घेऊ नये, त्यांत फक्त सामान जाते. स्वतः तपासणीच्या कमानीतून जाण्यापूर्वी मात्र पेसमेकरचे कार्ड दाखवावे.

लोदच्या विमानतळावर “बॅग कोणी भरली? कोणी काही दिले का?” असे विचारले की आपल्यातले काही वैतागतात. या वयातही आपल्यावर संशय, असे त्यांना वाटते. पण १९८६ साली एक्स-रेला जे दिसले नाही ते अशाच प्रश्नांनी उघड केले. म्हणून आपण शांतपणे आणि खरे उत्तर द्यावे, आणि दुसऱ्याचे पुडके न उघडता आपल्या बॅगेत घेऊ नये, मग ते नातलगाने दिलेले का असेना.