मातीवरची नक्षी आणि तिची साधने

बदलीच्या आदेशावर ‘कोलकाता’ हे नाव वाचले तेव्हा आमच्या घरी प्रथम चर्चा झाली ती रसगुल्ल्याची आणि त्यानंतर भाषेची. मातीचा विषय कोणी काढला नाही. वस्तुतः या महानगरात पाऊल ठेवताच माणसाची गाठ पडते ती मातीशीच. रस्त्यावरचा पहिला चहा मिळतो तो मातीच्या ‘भाँड’मधून (मराठी कानाला हा शब्द उगाच भांडणाची आठवण करून देतो), आणि वर्षाऋतू संपत आला की उत्तर कोलकात्यातील कुमारटुलीच्या अरुंद गल्ल्यांत ओल्या मातीच्या मूर्तींमधून अंग चोरूनच वाट काढावी लागते.

तथापि मातीकामाच्या साधनांकडे माझे लक्ष वेधले ते एका कर्जअर्जामुळे. शहराच्या उत्तरेकडील वस्तीत नक्षीदार कुंड्या, दिवे व फुलदाण्या बनविणाऱ्या एका कारागीर बाईंनी मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात, म्हणजे पन्नास हजार रुपयांपर्यंतच्या कर्जासाठी अर्ज केला होता. ‘साधने’ या रकान्यात लिहिले होते : बांबूच्या चियाडी, जुना कंगवा, दोरी, करवतीचे मोडके पाते, साचे व ठसे मिळून ४०. किमतीचा रकाना कोरा होता. सोबत दरपत्रक नव्हते. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. ज्याची किंमत नाही ती मालमत्ता नव्हे, हे मनावर पक्के बिंबलेले. अर्ज त्रुटी दाखवून परत केला.

चार दिवसांनी त्या स्वतः आल्या. “दादा, याचं कोटेशन कुठल्या दुकानातून आणू?” असे हिंदीमिश्रित बंगालीत विचारीत त्यांनी टेबलावर गाठोडे सोडले आणि ओल्या फडक्यातून मातीचा एक गोळा बाहेर काढला. पुढील अर्धा तास हे माझे या विषयातील पहिले आणि सर्वोत्तम शिक्षण होय.

मातीवर पोत उमटविण्यात साधनापेक्षाही महत्त्वाची असते ती वेळ. नुकतीच मळलेली माती अतिशय मऊ असते. तिच्यावर रेघ ओढली तर कडा फाटतात आणि ठसा दाबला तर तो चिकटून बसतो. पूर्ण वाळलेली माती ठिसूळ होते, तिचा टवका उडतो. या दोहोंच्या मधली, चामड्यासारखी घट्ट पण ओलसर अवस्था कोरीव कामास योग्य. उन्हाळ्यात ती काही तासांतच निघून जाते, तर कोलकात्याच्या दमट पावसाळ्यात दिवस दिवस येत नाही. म्हणूनच ओले फडके हेदेखील साधनच. ते वेळ थांबवून धरते.

चियाडी म्हणजे बांबूची तासून गुळगुळीत केलेली पट्टी. एक टोक चपटे, दुसरे निमुळते. कुमारटुलीचे मूर्तिकार वस्त्राची चुणी, बोटाचे पेर, पापणीची कड याच साधनाने काढतात. लोखंडी पात्यापेक्षा बांबू पसंत केला जातो, कारण तो हलका, गंज न चढणारा आणि हवा तसा तासता येणारा असतो. प्रत्येक कारागीर आपल्या हाताच्या ठेवणीप्रमाणे तो घडवितो. दुसऱ्याची चियाडी हातात बसत नाही. कंगव्याचे काम निराळे. फिरत्या चाकावरील भांड्याला तो स्थिर धरला की समांतर रेघा उमटतात, आणि हात किंचित वरखाली केला की त्याच रेघांच्या लाटा होतात. करवतीच्या पात्याने पृष्ठभाग खरवडून खडबडीत करतात. कान किंवा वेलबुट्टी जोडायची असेल तिथे असे ओरखडे काढून पातळ चिखल लावणे आवश्यकच असते. अन्यथा वाळताना जोड सुटतो.

ठशांचे शास्त्र मला सर्वांत रंजक वाटले. ते बहुधा भाजलेल्या मातीचेच असतात. भाजलेली माती सच्छिद्र असल्याने ओल्या मातीतील थोडे पाणी शोषून घेते आणि म्हणून सहज सुटून येते. नक्षी उलटी कोरावी लागते; उजवीकडे पाहणारा मोर हवा असेल तर ठशात तो डावीकडे पाहतो. ठसा दाबताना दुसऱ्या हाताची बोटे भांड्याच्या आतून टेकवावी लागतात, नाहीतर भिंत आत दबते. आणि माती वाळताना व भाजताना आकसते. सामान्य मातीत हे आकसणे दहा टक्क्यांच्या आसपास जाते. त्यामुळे जुना ठसा फुटल्यावर तयार वस्तूवरून नवा घेतला तर प्रत्येक पिढीत नक्षी थोडी लहान आणि बोथट होत जाते. त्या चाळीस नगांतील काही साचे बाईंच्या सासऱ्यांनी कोरलेले होते. त्यांतील एक जरी फुटला तरी तसाच पुन्हा मिळणार नव्हता. माझ्या रकान्यात मात्र त्यांची किंमत शून्य होती.

या साधनांची परंपरा किती जुनी आहे, हे कोलकात्यातच पाहता येते. शहराच्या ईशान्येस बेडाचांपाजवळील चंद्रकेतुगढ येथे कलकत्ता विद्यापीठाच्या आशुतोष संग्रहालयाने १९५६ पासून उत्खनन केले. तेथे साच्यातून काढलेली, दोन हजार वर्षांपूर्वीची मृण्मय फलके मिळाली. स्त्रीमूर्तींच्या केशभूषेतील काटे आणि दागिन्यांतील मणीसुद्धा त्यांवर मोजता येतात. याच स्थळी तळाच्या आतल्या बाजूस बारीक खाचांची वर्तुळे असलेली थाळ्यांची खापरेही सापडली. या प्रकारची भांडी १९४५ मध्ये पुद्दुचेरीजवळील अरिकमेडू येथे मॉर्टिमर व्हीलर यांच्या उत्खननामुळे प्रसिद्धीस आली. त्या खाचा दातेरी चाक फिरवून पाडल्या की थरथरणाऱ्या लवचीक पात्याने, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मोडक्या करवतीच्या पात्याकडे मी तेव्हापासून अधिक आदराने पाहतो.

आपला महाराष्ट्रही यात मागे नाही. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात (१९६८ ते १९८३) हातांनी घडविलेल्या जाड भांड्यांवर मातीच्या पट्ट्या चिकटवून त्या बोटांनी दाबल्याच्या खुणा आढळल्या. बोट हेच तिथले साधन. जपानमधील एका प्राचीन संस्कृतीला तर ‘जोमोन’ हे नावच भांड्यांवरील दोरीच्या ठशांवरून पडले आहे. अशी नक्षी केवळ शोभेची नसते. खडबडीत पृष्ठभागामुळे ओले भांडे हातातून निसटत नाही, आणि दोरी गुंडाळलेल्या थापीने ठोकताना भिंत पातळ व घट्ट होते ती वेगळीच.

पुन्हा त्या अर्जाकडे वळू. चूक माझ्या वाचनात होती. बाईंना साधनांसाठी पैसा नकोच होता. साधने त्यांच्याजवळ होती. कालीपूजेच्या दिव्यांसाठी माती आणि भट्टीचे जळण त्यांना आगाऊ घेऊन ठेवायचे होते, आणि तो हंगाम चुकला तर वर्षाची निम्मी कमाई जाणार होती. म्हणजे गरज खेळत्या भांडवलाची होती आणि अर्ज लिहून देणाऱ्याने ती यंत्रसामग्रीच्या रकान्यात भरली होती. मुद्रा कर्ज दोन्हींसाठी मिळते. मी मागील दोन हंगामांच्या विक्रीच्या नोंदी व जळणवाल्याची पावती मागितली, कार्यशाळेस भेट दिली आणि प्रस्ताव नव्याने मांडला. कर्ज त्याच आठवड्यात मंजूर झाले. वाया गेलेल्या चार दिवसांबद्दल बाई काही बोलल्या नाहीत. मीच मनातल्या मनात हिशेब करीत राहिलो.

महाराष्ट्रातील सहकाऱ्यांनाही असे अर्ज येत असतील. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत कुंभारकाम आहे, आणि साधनसंचासाठी पंधरा हजार रुपयांपर्यंतचे साहाय्यही. विकत मिळणाऱ्या साधनांसाठी ते उपयुक्त ठरते. सासऱ्यांनी कोरलेल्या साच्यासाठी मात्र बाजारात दुकान नाही. म्हणून अशा कारागीर ग्राहकांना मी हल्ली एक सूचना करतो : प्रत्येक साच्याचे छायाचित्र काढून ठेवावे आणि जुना साचा शाबूत असतानाच त्यावरून एक प्रत घेऊन, भाजून, वेगळ्या जागी ठेवावी. बाईंनी आतापर्यंत सतरा साच्यांच्या प्रती केल्या आहेत. उरलेल्यांचे काम पावसाळा सरल्यावर.