दोन शब्बाथांचा देश

कोकणातल्या बेने इस्राएलांना लोक ‘शनवार तेली’ म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. त्यामुळे शब्बाथ, म्हणजे आठवड्यातला विश्रांतीचा पवित्र दिवस, म्हटला की आपल्याला यहुदीच आठवतात. पण शनिवार पाळता यावा म्हणून बहिष्कार आणि तुरुंगवास सोसणारे ख्रिस्ती संन्यासीही होऊन गेले. ते हबशांच्या देशातले, इथिओपियातले.

रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने 321 साली रविवार विश्रांतीचा ठरवला. त्याच शतकात लाओदिकियाच्या धर्मसभेने शनिवारी काम बंद ठेवणाऱ्या ख्रिस्ती लोकांना मनाई केली. मनाई करावी लागली, म्हणजे लोक तो दिवस पाळत होते. पाचव्या शतकातला इतिहासकार सॉक्रेटिस सांगतो की रोम आणि अलेक्झांड्रिया सोडली, तर जवळपास सगळीकडे शनिवारीही उपासना होते. इथिओपियाचा बिशप, म्हणजे आबुना, नेमका या अलेक्झांड्रियाच्या गादीकडून नेमला जाई. तो इजिप्तचा असे आणि पाद्र्यांना दीक्षा देण्याचा अधिकार त्याच्याच हाती असे.

शनिवार न मानणाऱ्या या व्यवस्थेला आव्हान दिले एवोस्तातेवोस या संन्याशाने. त्याचा जन्म 1273च्या सुमाराचा, मठ आजच्या एरिट्रियातल्या सराये भागात. दहा आज्ञांमधली शब्बाथ पाळण्याची आज्ञा कोणी, कधी रद्द केली, हा त्याचा सवाल. शनिवार आणि रविवार दोन्ही पवित्र, असे तो शिकवू लागला. विरोध इतका वाढला की 1337च्या सुमारास त्याने देश सोडला. कैरो, जेरुसलेम, सायप्रस असे करत तो आर्मेनियाला पोहोचला आणि 1352 साली तिथेच वारला.

मला खरे मोठे वाटतात ते त्याच्यामागे राहिलेले शिष्य. चर्चची आणि दरबाराची दारे त्यांना बंद झाली. त्यांनीही आबुनाकडून दीक्षा घ्यायचे नाकारले. ज्या धर्मात पाद्र्याशिवाय मिस्सा होत नाही, तिथे हा निर्णय किती जड गेला असेल! तरी ते वेगळे झाले नाहीत. उत्तरेच्या डोंगरांवर त्यांनी मठ उभारले. त्यातला फिलिपोसचा देब्रे बिझेन आजही आहे. 1400 साली राजा दावितने फिलिपोसला बोलावून घेतले. तो शनिवार सोडेना, तेव्हा त्याला कैदेत टाकले. चारेक वर्षांनी राजानेच माघार घेतली: त्याला सोडले आणि त्याच्या पंथाला शनिवार पाळायची मोकळीक दिली.

पुढे राजा झेरा याकोबने 1450 साली देब्रे मितमाक इथे धर्मसभा भरवली. इजिप्शियन बिशपांनी दोन्ही शब्बाथ मान्य केले आणि संन्याशांनी त्यांच्याकडून दीक्षा घ्यायचे कबूल केले. शंभर वर्षांचे भांडण कोणालाही नाक घासायला न लावता मिटले, याचे मला फार अप्रूप वाटते.

गोव्याहून 1555 साली जेझुइट पाद्री गोन्सालो रॉड्रिग्ज आला, तेव्हा ‘तुम्ही यहुद्यांसारखे वागता’ हा ठपका बसला. सम्राट गेलावदेवोसने लेखी उत्तर दिले. त्याचा आशय असा: यहुदी त्या दिवशी पाणी शेंदत नाहीत, चूल पेटवत नाहीत, भाकरी भाजत नाहीत. आमचे तसे नाही. आम्ही शनिवारी मिस्सा करतो, एकत्र जेवतो. म्हणजे त्यांचा शनिवार चूल विझवण्याचा नव्हता, पंगतीचा होता.

सतराव्या शतकात सम्राट सुसेनयोस कॅथलिक झाला आणि शनिवार पाळायला त्याने बंदी घातली. लोक उठले, रक्त सांडले. 1632 साली त्याने गादी मुलाला, फासिलिदेसला दिली. जुना धर्म परत आला, त्याबरोबर शनिवारही. रोमने तिथे पाठवलेला धर्माध्यक्ष अफोन्सो मेंडेस याला देशाबाहेर काढले गेले. तो गोव्यात आला आणि तिथेच वारला. इथिओपियात मात्र शनिवारला आजही ‘किदामे’ म्हणतात, म्हणजे पहिला: दोन शब्बाथांतला पहिला.