समजून घ्या : घरातला कर्ता गेला, तर सरकारी मदत किती? रक्कम ठरते पहिल्या दोन दिवसांतल्या कागदांवर

माहूर तालुक्यातल्या एखाद्या तांड्यावर किंवा गुड्यावर मजुरीवर चालणाऱ्या घरातला कर्ता माणूस अचानक गेला, तर त्या घराला सरकारकडून किती पैसे मिळतात? उत्तर २० हजार, दोन लाख, चार लाख किंवा २५ लाख यांपैकी काहीही असू शकते. कधी काहीच मिळत नाही. घराची अडचण तीच असते, पण रक्कम बदलते ती मृत्यूच्या कारणावर आणि ते कारण कागदावर कसे नोंदले गेले यावर. हे कागद पहिल्या एक-दोन दिवसांत तयार होतात. नेमके तेव्हाच घरच्यांना काही सुचत नसते.

आजार किंवा इतर कारण : २० हजार

राष्ट्रीय कुटुंब लाभ योजना ही गरीब घरासाठीची पहिली मदत. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातला १८ ते ५९ वयाचा कमावता पुरुष किंवा स्त्री दगावल्यास एकरकमी २० हजार रुपये मिळतात. मृत्यू आजाराने झाला की अपघाताने, याने फरक पडत नाही. पूर्वी ही रक्कम १० हजार होती. २०१२ मध्ये ती दुप्पट झाली. त्यानंतर ती वाढलेली नाही. अर्ज तलाठ्यामार्फत किंवा थेट तहसील कार्यालयात करता येतो.

अडचण येते ती यादीची. नुसते पिवळे रेशनकार्ड पुरत नाही, दारिद्र्यरेषेच्या यादीत कुटुंबाचे नाव लागते. ग्रामीण भागातली ही यादी २००२ च्या सर्वेक्षणावर आधारलेली आहे. त्यानंतर लग्न होऊन वेगळे राहिलेल्या मुलाचे घर आज कितीही हलाखीत असले, तरी यादीत त्याचे नाव सापडेलच असे नाही.

पूर किंवा वीज : चार लाख

पुरात वाहून गेल्याने किंवा अंगावर वीज पडून मृत्यू झाल्यास आपत्ती निवारणाच्या निकषांनुसार वारसांना चार लाख रुपये दिले जातात. येथे जमीन किंवा उत्पन्नाची अट नाही. शेतमालक आणि सालगडी दोघांच्या वारसांना मदत सारखीच. पैनगंगेकाठच्या गावांसाठी हा निकष महत्त्वाचा आहे. जुलै २०२३ मध्ये नदीपलीकडच्या महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर पुरात अडकलेल्यांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टर बोलवावी लागली होती.

सर्पदंश किंवा शेतातला अपघात : दोन लाख

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना राज्यात एप्रिल २०२३ पासून आहे. सर्पदंश, विंचूदंश, विजेचा धक्का, विहिरीत बुडणे, रस्ता अपघात अशा कारणांनी मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात. वयाची अट १० ते ७५ वर्षे. लाभ सातबाऱ्यावर नाव असलेल्या खातेदाराला आणि त्याच्या कुटुंबातल्या आणखी एका सदस्याला आहे. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत द्यावा लागतो.

म्हणजे एकाच वावरात कापूस वेचताना मालकाला साप चावला तर दोन लाख. भूमिहीन मजुराला चावला तर या योजनेतून काहीच नाही. त्याच्या घराला उरतात ते कुटुंब लाभ योजनेचे २० हजार, तेही यादीत नाव असेल तर.

वन्यप्राण्याचा हल्ला : २५ लाख

वाघ, बिबट्या, अस्वल, रानडुक्कर अशा प्राण्यांच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास वन विभाग २५ लाख रुपये देतो. काही रक्कम लगेच मिळते, बाकीची वारसांच्या नावे ठेव म्हणून ठेवली जाते. घटना तातडीने वन कर्मचाऱ्यांना कळवणे आणि जागेवरचा पंचनामा होणे आवश्यक असते.

घोडे अडते कुठे?

‘देहाची चिरफाड नको’ म्हणून अनेक घरांत शवविच्छेदन टाळले जाते आणि सूर्य मावळायच्या आत अंत्यसंस्कार उरकतात. भावना समजण्यासारखी आहे, पण त्यानंतर वीज पडली होती की साप चावला होता, हे सिद्ध करणे फार कठीण होते. लाखांचा हक्क हजारांवर येतो तो इथेच.

पहिल्या दोन दिवसांत काय करावे?

• अपघाती मृत्यू असल्यास पोलीस पाटलामार्फत पोलिसांत नोंद करावी.
• सरकारी रुग्णालयात शवविच्छेदन करून घ्यावे.
• तलाठ्याला (आताचे नाव ग्राम महसूल अधिकारी) कळवून पंचनामा करून घ्यावा आणि त्यात मृत्यूचे कारण स्पष्ट लिहिले आहे का, हे पाहावे.
• ग्रामपंचायतीत किंवा नगरपंचायतीत २१ दिवसांच्या आत मृत्यूची नोंद करावी. या मुदतीत नोंदीला शुल्क लागत नाही.
• वारसाचे बँक खाते आधारशी जोडलेले आहे का, हे तपासावे.

तेरावे झाल्यावर बघू, असे म्हटले तर कृषी विभागाच्या ३० दिवसांतले जवळपास निम्मे दिवस निघून जातात.

पुढच्या महिन्यांचे काय?

एकरकमी मदत संपल्यावर विधवेला संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून दरमहा १,५०० रुपये मिळू शकतात. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत लागते. ही मर्यादा किती तोकडी आहे, हे साध्या हिशेबाने कळते. रोजगार हमीची २०२५-२६ मधली रोजची मजुरी ३१२ रुपये. त्या दराने वर्षात ६८ दिवस काम केले, तरी मर्यादा ओलांडली जाते. त्यामुळे उत्पन्नाचा दाखला काढतानाच ही अट माहीत असलेली बरी.

माहूरहून नांदेड सुमारे सव्वाशे किलोमीटर, उपविभागीय कार्यालय किनवटला. एखादा कागद राहिला तर मजुरी बुडवून पुन्हा हेलपाटा. म्हणून अर्ज कुठेही द्या, शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. पुढे विचारणा करायची तर हातात तोच पुरावा असतो.