टाकीवाल्या काकांनी जोडलेली बोट

कोलाडहून निघताना बोट उचलली तेव्हाच शंका आली होती. एरवी दोघं आरामात उचलतो, त्या दिवशी हात भरून आले. उलटी केली तर आतून बादलीभर पाणी! स्प्रे स्कर्ट, म्हणजे कमरेभोवती बसणारं ते रबरी झाकण, घट्ट लावलेलं होतं. मग पाणी आलं कुठून? घरी येऊन सीट काढली. बुडाला, बरोब्बर सीटखाली, वीतभर चीर.

ही आमची एकुलती एक कयाक. कॉलेज सोडून जाणाऱ्या एका सीनियरकडून चौघांनी वर्गणी काढून घेतलेली. नवी घेण्याचा विषयच नव्हता. जोडायची, नाहीतर कुंडलिका बंद.

कुंडलिकेची गंमत माहितीये ना? मुळशी धरणाचं पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजकेंद्रात येतं आणि तिथून पुढे नदीत. त्यामुळे ऐन उन्हाळ्यातही सकाळी पाणी सुटलं की नदी खळाळायला लागते. अशा पाण्यात बोट भरली तर काय होतं? एका कयाकमध्ये दोनशे लिटरच्या आसपास पाणी सहज मावतं. म्हणजे दोनशे किलोचा ओंडका, तो वळत नाही, आणि समोर खडक. चीर छोटी आहे, चालेल, असं म्हणायची सोय नाही.

आधी जे कुणीही करेल तेच केलं. दोन ट्यूबवालं एपॉक्सी आणलं आणि चीर छान लिंपली. दोन दिवसांनी नखाने उचकटलं तर खपलीसारखं अख्खं निघालं. दोष गोंदाचा नव्हता. या बोटी पॉलिइथिलिनच्या असतात, दुधाची पिशवी ज्या घराण्यातली त्याच घराण्यातल्या. या प्लास्टिकला गोंद धरतच नाही. पृष्ठभागावर आधी ज्योत फिरवून खास एपॉक्सी लावतात, पण ते आमच्या हाताशी नव्हतं. मग गाड्यांचे बंपर जोडणाऱ्या दुकानात गेलो. त्याने गरम करून पट्टी लावूनही दिली, तीही निघाली. बंपर बहुतेक पॉलिप्रॉपिलिनचे. नावं भावंडांसारखी, पण वितळवून एकजीव होत नाहीत.

उत्तर सापडलं गच्चीवर. आमच्या सोसायटीची पाण्याची टाकी गळत होती आणि एक काका ती वेल्डिंग करत बसले होते. बघता बघता ट्यूब पेटली. टाकी आणि कयाक बनवायची पद्धत एकच: पोकळ साच्यात प्लास्टिकची पावडर भरायची आणि साचा भट्टीत दोन दिशांनी गोल फिरवायचा. आत सगळीकडे सारखा थर बसतो. आपली बोट म्हणजे लांबट टाकीच की!

काकांना विचारलं, तर म्हणाले, "घेऊन या, आधी बघतो." त्यांनी बोटीच्या काठाची एक बारीक साल काढून पेटवली. थेंब गळले, विझवल्यावर मेणबत्तीसारखा वास आला. "वितळतंय. जमेल." काही बोटींचं प्लास्टिक वितळतच नाही, नुसतं करपतं. तसल्या बोटीला वेल्डिंग लागू पडत नाही.

पुढचा अर्धा तास आम्ही नुसते बघत होतो. पहिलं काम चिरेच्या दोन्ही टोकांना ड्रिलने एकेक छोटं भोक. फुटक्या वस्तूला आणखी भोकं? आम्ही ओरडणारच होतो. पण चीर पुढे पळते ती तिच्या अणकुचीदार टोकातून. टोक गोल केलं की ताण पसरतो आणि ती थांबते. मग पात्याने चीर इंग्रजी व्हीसारखी खोदली, आजूबाजूचा उन्हाने मेलेला थर खरवडला. खरी कसब गरम हवेच्या गनची. नुसती पट्टी वितळवून ओतली तर ती वर बसते, आत जात नाही. बोट आणि पट्टी दोन्ही एकाच वेळी चकाकायला लागली पाहिजेत, तेव्हाच दाबायचं. जास्त तापलं तर प्लास्टिक पिवळट पडून ठिसूळ होतं. काका मध्येच गन लांब घ्यायचे, फुंकर घालायचे, परत जवळ आणायचे. गार करायला पाणी मारू दिलं नाही. वरचा उंचवटा घासूही दिला नाही. "दिसायला काय करायचंय? टाकी आहे ही."

बोट आहे, काका.

घरी येऊन बोटीत पाणी भरलं आणि खाली वर्तमानपत्र पसरलं. हाच पेपर, खरं सांगते. रात्रभरात कागद कोरडा राहिला. मग तळ्यात नेऊन सीटवर बसून उड्या मारल्या. मग कोलाड. एअरबॅगा फुगवल्या, सोबत दुसरी बोट ठेवली आणि मधला अवघड रॅपिड सोडून दिला, पायी किनाऱ्याने गेलो. वेल्डिंग टिकलं म्हणून बाकीचं प्लास्टिक नवं होत नाही. आमची बोट दोन वर्षं गच्चीवर उन्हात पडून होती, ती चूक आमची. आता ती जिन्याखाली असते, आणि दगडांवरून ओढत न्यायची नाही, हा नियम झालाय.

उतरल्यावर स्पंजने आतलं पाणी टिपलं. कपभर निघालं, तेही स्कर्टच्या कडेचं. जोडाजवळ हात फिरवला, कोरडा. काकांनी काठाच्या आणखी काही साली काढून कागदाच्या पुडीत बांधून दिल्यात, पुढच्या वेळी याच वितळवू म्हणाले.