इंजिनला स्टडी सुटली नाही, म्हणजे ते कच्चं आहे का?

बुद्धिबळाचं इंजिन किती ताकदीचं आहे हे पाहायला त्याच्यापुढे एखादी अवघड एंडगेम स्टडी, म्हणजे डावाच्या अखेरीचं मुद्दाम रचलेलं कोडं, मांडतात. त्यातली बहुधा सर्वांत गाजलेली म्हणजे 'प्लास्केटचं कोडं'. ही रचना १९७० च्या दशकातली, डच रचनाकार व्हान ब्रॉयकेलेन यांची. १९८७ साली ब्रसेल्समध्ये इंग्लिश ग्रँडमास्टर जेम्स प्लास्केट यांनी ती जमलेल्या नामवंतांपुढे मांडली आणि माजी जगज्जेते मिखाइल ताल यांनी ती सोडवली.

गैरसमज असा, की इंजिन प्रत्येक चाल शेवटपर्यंत तपासतं, त्यामुळे त्याच्या नजरेतून काही सुटणं अशक्य. खरं तर इंजिनची ताकद चाली गाळण्यात आहे. निरर्थक वाटणाऱ्या फांद्या ते लवकर छाटतं, म्हणून उरलेल्या फांद्यांत खोल जाऊ शकतं. हे कोडं नेमकं त्या छाटणीवर बोट ठेवतं. पांढरा आधी घोडा देतो, मग नुकताच झालेला वजीरही. हाती उरतात राजा, एक उंट आणि एक प्यादं. पण काळ्याचा राजा पटाच्या कडेला कोंडला गेलेला असतो. उंट चौथ्या आणि पाचव्या ओळीत आलटून पालटून सरकत जातो. एकदाही शह नाही, तरी प्रत्येक चालीला माताची धमकी. ती टाळायला काळ्याला दोन प्याद्यांचे वजीर न करता घोडे करावे लागतात. काळ्याकडे चार घोडे आणि उंट असताना पांढऱ्याची ही शांत चाल इंजिनला फुकट वाटते, आणि अशाच चालींना ते कमी खोली देतं. मला ही रचना अतिशय सुंदर वाटते ती याच चालींमुळे.

२०२२ मध्ये 'एंट्रॉपी' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात या कोड्यावर स्टॉकफिश हे इंजिन लीला या दुसऱ्या इंजिनापेक्षा सरस ठरलं. म्हणून लीला कमकुवत, हा निष्कर्ष मात्र चुकीचा. लीलाचं न्यूरल नेटवर्क स्वतःशीच खेळलेल्या डावांवर तयार झालं आहे आणि असं चित्र प्रत्यक्ष डावात जवळजवळ येतच नाही. नेटवर्कला जी चाल असंभाव्य वाटते, तिच्या वाट्याला वेळ थोडाच येतो. स्टॉकफिश मात्र सेकंदाला कितीतरी अधिक स्थिती तपासतं, त्यामुळे आधी टाकलेल्या फांदीकडे ते उशिरा का होईना, परत येतं.

पहिली चाल बरोबर आली की कोडं सुटलं, असंही मानलं जातं. इथे सुरुवातीचा घोड्याचा शह बाकीचं काही न कळताही सुचू शकतो. मूल्यांकन पांढऱ्याच्या विजयाकडे झेपावलं आणि उंटाची वाटचाल दिसली, तरच उत्तर मिळालं म्हणावं. दोन इंजिनांच्या 'डेप्थ'ची तुलनाही व्यर्थ, कारण प्रत्येकाचं मोजमाप वेगळं. आणि उत्तर दाखवून चाली मागे घेतल्या असतील, तर हॅश (इंजिनची साठवलेली स्मृती) रिकामा करूनच पुन्हा वेळ मोजावी. नाहीतर इंजिन आठवलेलं सांगतं. अनेक थ्रेड वापरले तर हीच वेळ दर खेपेला बदलते, तेव्हा एका मोजणीवर विसंबू नये.

राहता राहिला टेबलबेसचा भरवसा. सिझिजी टेबलबेसमध्ये सात मोहऱ्यांपर्यंतच्या स्थितींची अचूक उत्तरं आहेत. या कोड्यात सुरुवातीला तेरा मोहरी असतात आणि मुख्य उत्तरात मात होते तेव्हाही पटावर नऊ उरलेली असतात, म्हणून ते उत्तर टेबलबेसमधून मिळत नाही.