पाठांतराकडून वाचनाकडे : घरोघरी एक अक्षरपिशवी

आपल्या घरांतील मुलांचे पहिले पाठांतर बहुधा त्रिसरण आणि पंचशीलाचे असते. चार वर्षांचे मूल न अडखळता वंदना म्हणते आणि घरातील मोठ्यांना कृतार्थ वाटते. तेच मूल सात-आठ वर्षांचे झाल्यावर त्याच्या हाती वंदनेची पुस्तिका द्यावी. पुष्कळदा असे दिसते की त्याचे बोट एका ओळीवर असते आणि ओठ दुसऱ्या. ते म्हणत असते, वाचत नसते. मधलाच एखादा शब्द बोट ठेवून विचारला, तर ते पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करते.

पाठांतराला आम्ही कमी लेखत नाही. बुद्धवचन कित्येक पिढ्या मुखपाठानेच टिकले. ते ग्रंथबद्ध झाले ते इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात, श्रीलंकेत, असे परंपरा सांगते. परंतु ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्याच्यासाठी वाचता येणे ही केवळ शालेय पायरी नाही. दुसऱ्याने सांगितलेले ऐकणे आणि लिहिलेले स्वतः पडताळणे यांत जे अंतर आहे, तेच पाठांतर आणि वाचन यांत आहे. केवळ परंपरेने आले किंवा कोणी मोठ्याने सांगितले म्हणून स्वीकारू नका, हा कालामांना केलेला उपदेश अंगी बाणायचा, तर आधी पान वाचता आले पाहिजे.

वेस्ट बेमधील आमची स्थिती

वेस्ट बेच्या मनोऱ्यांत काम करणाऱ्या आणि आसपास राहणाऱ्या आपल्या कुटुंबांतील मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. कतारमधील शाळांत त्यांची अरबीशीही ओळख होते. इंग्रजी वाचन बहुतेक शाळांत ध्वनींच्या पद्धतीने, म्हणजे 'फोनिक्स'ने, शिकवले जाते. अक्षराचे नाव नव्हे, तर त्याचा आवाज आधी, आणि आवाज जोडून शब्द, हे त्याचे सूत्र. मराठी मात्र घरापुरती उरते, आणि घरात ती बोलली जाते, वाचली जात नाही. देवनागरीची ओळख भिंतीवरच्या तक्त्यापाशी थांबते.

यात काय गमावते ते स्पष्ट आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ बाबासाहेबांनी मुळात इंग्रजीत लिहिला; तो आमची मुले वाचतीलच. पण १९२० चा 'मूकनायक' आणि १९२७ चा 'बहिष्कृत भारत' यांतील बाबासाहेब मराठीत बोलतात. आत्मकथने मराठीत आहेत. आजीने वहीत लिहून ठेवलेली गाणी मराठीत आहेत. हे सारे मुलांना अनुवादातूनच भेटावे काय?

रामजी सुभेदारांची खोली

घरातील वाचनाचे आपल्या इतिहासातील सर्वांत थोर उदाहरण परळच्या चाळीतील एका खोलीत घडले. साताऱ्याच्या शाळेत ज्या मुलाला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे, त्याचा घरातील शिक्षक त्याचा पिता होता. रामजी सकपाळ सैन्याच्या शाळेत शिकवीत असत. मराठी आणि इंग्रजी वाचन, भाषांतराचा सराव हे त्यांनी मुलाकडून घरीच करून घेतले. खोली लहान, माणसे अधिक. म्हणून मुलाने लवकर झोपावे आणि रात्री दोनच्या सुमारास वडिलांनी त्याला अभ्यासाला उठवावे, असा क्रम होता. पुस्तकांसाठी हाती पैसा नसला, तर लग्न झालेल्या मुलींकडून ते उसने आणीत.

रामजींकडे तीन गोष्टी होत्या : वेळ काढण्याची जिद्द, मुलाच्या जवळ बसण्याची सवय आणि शिकवण्याचे ज्ञान. पहिल्या दोन आपल्यापैकी कोणालाही साधता येतील. तिसरी प्रत्येकाकडे असेलच असे नाही. आईवडिलांना वाचता येते. पण वाचायला कसे शिकवावे हे ठाऊक असतेच असे नाही. जे ज्ञान रामजींच्या अंगी होते ते साधनात उतरवावे, म्हणजे शिक्षक नसलेली आई किंवा दमून आलेला बापही दहा मिनिटांत ते वापरू शकेल, एवढाच आमच्या प्रयत्नाचा हेतू आहे.

लिपीचे गणित

मराठीत ३४ व्यंजने धरली आणि प्रत्येकाची बाराखडी केली, तर ४०८ आकृती होतात. मुलाला त्या एकेक पाठ करायला लावणे म्हणजे पुन्हा पाठांतरच. वस्तुतः शिकायचे असते ते बरेच कमी : ३४ व्यंजने आणि त्यांना जोडायची ११ चिन्हे. पंचेचाळीस खुणा आणि त्या जोडण्याची रीत कळली, की सारी बाराखडी मूल स्वतः तयार करते. त्यापुढे स्वतंत्र स्वर आणि जोडाक्षरे येतात. पण तोवर मूल वाचू लागलेले असते.

तरीही मराठीची वाट अगदी सरळ नाही, आणि इंग्रजी ध्वनिपद्धती जशीच्या तशी उचलून चालत नाही. इंग्रजीतील अक्षर एकटा आवाज देते. आपल्या 'क'मध्ये 'अ' आधीच बसलेला असतो. तो 'अ' शब्दाच्या शेवटी, कधी मध्येही, गळतो. 'बसला' हा शब्द मूल 'ब-स-ला' असे तुटक वाचते आणि ओळखीचा शब्द त्याला परका वाटतो. कारण आपण बोलताना 'बस्ला' म्हणतो. 'शिका' या शब्दात वेलांटी 'श'च्या आधी दिसते, पण उच्चारात मागून येते. संगणकावर काम करणाऱ्यांना यातली गंमत ठाऊक आहे : युनिकोडमध्ये आधी 'श' साठवला जातो आणि मग वेलांटी, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने, पडद्यावर मात्र ती पुढे काढली जाते. मुलालाही हेच सांगावे : डोळ्याला आधी दिसली, तरी जिभेवर ती नंतर येते. 'जय' मधला 'ज' आणि 'जगणे' मधला 'ज' वेगळे. 'चार' आणि 'चमचा' यांतील 'च' वेगळे. शिवाय 'ळ' आणि 'ण' हे आवाज इंग्रजीत नसल्याने परदेशात वाढणाऱ्या मुलांच्या कानालाच ते नीट लागत नाहीत. म्हणून 'शाळा' वाचण्याआधी 'शाळा' आणि 'शाला' यांतील फरक ऐकू यायला हवा.

फलटणचा धडा

या साऱ्याचा विचार महाराष्ट्रात पूर्वीच झालेला आहे. अमेरिकेत जन्मलेल्या आणि पुढे भारताचे नागरिकत्व घेतलेल्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी सातारा जिल्ह्यातील फलटण हे आपले गाव मानले. त्यांच्या संशोधनाचा विषय होता फलटणच्या बोलीतील सामाजिक भेद. शाळेबाहेर राहिलेल्या दलित वस्तीतील मुलांना वाचायला शिकवण्याच्या कामातून पुढे १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली, आणि तिची कमला निंबकर बालभवन ही शाळा. तेथे रुजलेली रीत अक्षरगटांची. वर्णमालेचा क्रम बाजूला ठेवून थोडी अक्षरे आणि एखादे-दुसरे स्वरचिन्ह घ्यायचे, आणि त्यातून त्याच दिवशी अर्थपूर्ण शब्द वाचायचे. मुलाने 'ज्ञ'पर्यंत थांबण्याचे कारण नाही.

याच फलटणमध्ये बेबीताई कांबळे आपल्या छोट्या दुकानात बसून, सामान बांधायला आणलेल्या रद्दीतील छापील मजकूर वाचत असत. प्राथमिक शिक्षणापुरतीच शाळा लाभलेल्या या बाईंनी घरच्यांपासून लपवून वर्षानुवर्षे लेखन केले. ते प्रकाशित व्हावे म्हणून त्यांना प्रोत्साहन देणाऱ्या होत्या मॅक्सीन बर्नसनच. १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकातून ते क्रमशः आले आणि १९८६ मध्ये 'जिणं आमुचं' या नावाने ग्रंथरूप झाले. वाचता येणारी एक स्त्री आणि तिच्यासमोर आलेला छापील कागद, एवढ्यातून एका समाजाची साक्ष लिहिली गेली. वाचनाचे साधन किती साधे असू शकते आणि त्याचे फळ किती मोठे, हे यावरून कळावे.

पिशवीत काय असावे

फलटणच्या या रीतीचा आधार घेऊन आम्ही काही कुटुंबांनी मुलांसाठी अक्षरपिशव्या तयार केल्या. जाड कागद, घरचा प्रिंटर, कात्री आणि कापडी पिशवी यापलीकडे काही लागले नाही. पिशवीत पुढील वस्तू असतात.

पहिली, पहिल्या गटाचे अक्षरपत्ते : म, क, ब, स, ल आणि काना. एवढ्यातून बस, मका, बाबा, मामा, काका, लाल, मसाला असे शब्द होतात; 'बाबा, बसा' हे वाक्यही होते. पाच अक्षरे आणि एक चिन्ह शिकलेले मूल पहिल्याच आठवड्यात वाक्य वाचते.

दुसरी, चौकटींची पट्टी आणि मूठभर हरभरे. रशियन मानसशास्त्रज्ञ एल्कोनिन यांच्या नावाने ओळखली जाणारी ही युक्ती आहे. मोठ्यांनी शब्द उच्चारावा, मुलाने प्रत्येक आवाजाला एक हरभरा पुढे सारावा. अक्षर दिसण्याआधी आवाज सुटा करता येणे महत्त्वाचे.

तिसरी, सरकती पट्टी : एका फटीत व्यंजन, शेजारी सरकणारी स्वरचिन्हे. मूल स्वतः ओढून 'म'चा 'मा' आणि 'मी' करते.

चौथी, आठ-आठ पानांच्या पुस्तिका, ज्यांत शिकलेल्या अक्षरांपलीकडचे एकही अक्षर नसते. हे काम हाताने करणे कष्टाचे; म्हणून आमच्यातील संगणक अभियंत्यांनी शब्दसूचीतून दिलेल्या अक्षरांत बसणारे तेवढेच शब्द निवडणारी छोटी आज्ञावली लिहिली.

पाचवी, निरर्थक शब्दांचे पत्ते : 'लबसा', 'मकस'. इंग्लंडमध्ये २०१२ पासून पहिल्या इयत्तेतील मुलांची जी ध्वनिवाचन चाचणी होते, तिच्या ४० शब्दांपैकी निम्मे असेच बनावट असतात. पाठ केलेले मूल येथे थांबते. वाचणारे मूल हसते आणि वाचून दाखवते.

वापराचे नियम थोडे आहेत. रोज दहा मिनिटे, त्याहून अधिक नको. चूक झाली तर शब्द सांगून टाकू नये. अक्षरावर बोट ठेवून थांबावे. आणि मुलाने 'पाणी'ला 'पानी' म्हटले म्हणून त्याला खजील करू नये. घरची बोली अशुद्ध नसते. 'ण' लिहिलेला ओळखता आला पाहिजे, एवढेच त्या घटकेचे काम.

ज्यांची मुले गावी आहेत

वेस्ट बेच्या याच मनोऱ्यांत वातानुकूलनाचे, सफाईचे, पहाऱ्याचे काम करणारे आपले कित्येक बांधव इंडस्ट्रियल एरियातील वसाहतींत राहतात. त्यांची मुले इथे नाहीत. ती विदर्भात, मराठवाड्यात, आजीपाशी आहेत. शाळेत जाऊनही वाचन मागे राहणे ही देशभरची गोष्ट आहे. २०२२ च्या 'असर' अहवालानुसार ग्रामीण भारतात तिसरीतील केवळ २०.५ टक्के मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती; २०१८ मध्ये हे प्रमाण २७.३ टक्के होते.

म्हणून रजेवर जाणाऱ्या प्रत्येकाच्या सामानात एक पिशवी जावी, असा आमचा आग्रह आहे. गावी मुलाने पुस्तिकेचे एक पान वाचावे, त्या एका मिनिटाचा आवाज मोबाइलवरून पाठवावा, आणि पाळी संपल्यावर बापाने तो ऐकून उत्तर द्यावे. आजीला वाचता येत नसले तरी चालेल. हरभरे मोजायला आणि ऐकायला अक्षरज्ञान लागत नाही. रामजींप्रमाणे जवळ बसणे ज्याला शक्य नाही, त्याने निदान रोज ऐकणारा कान तरी व्हावे.

ध्वनी आणि अक्षर जुळले म्हणजे सारे झाले असे नाही. गोष्टी ऐकणे, गप्पा, प्रश्न विचारणे, पुस्तकांच्या सहवासात वावरणे हेही हवे. एज्युकेशन सिटीतील कतार राष्ट्रीय ग्रंथालयात मुलांसाठी स्वतंत्र दालन आहे; शुक्रवार-शनिवारी तेथे मुलांना न्यावे. परंतु अर्थाच्या घरात शिरण्याचे दार अक्षर आहे, आणि ते दार उघडणे हे दैवावर किंवा केवळ शाळेवर सोडण्याजोगे काम नव्हे.

पिशवीचा नमुना आणि पहिल्या तीन गटांच्या पुस्तिका आमच्याकडे तयार आहेत. ज्या कुटुंबांना हव्या असतील त्यांनी पुढच्या वंदनेच्या वेळी मागून घ्याव्यात आणि घरी आणखी दोन तयार करून एक गावी पाठवावी. वंदना मुलांना पाठ आहेच. आता पुस्तिका उघडून, मधल्याच कोणत्याही शब्दावर बोट ठेवून तो त्यांना वाचता यावा.

जय भीम.